टोप्या अकरा, मदतनीस एक

अंगणवाडी कोण चालवतं असं आमच्या मैनाबाईला कोणी विचारलं, तर बोट ती माझ्याकडे दाखवते आणि मान मात्र स्वतःची हलवते. कागदावर मी सेविका, ती मदतनीस. पण सकाळी मला पाच मिनिटं उशीर झाला की ती दारात उभी राहून मनगटावरच्या घड्याळाकडे बघते. त्या घड्याळात दोन वर्षांपासून सेल नाही, हे तिलाही माहीत आहे आणि मलाही.

मी ज्योत्स्ना. माहेर अकोल्याचं, सासर तिवस्याजवळचं हे गाव. सतरा वर्षं झाली या एका खोलीच्या अंगणवाडीत. मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे कोणाला नवल वाटायला नको. मैनाबाई माझ्याही आधीची, तिला चोवीस वर्षं झाली. म्हणून गावात ती अजूनही मला ‘नवी मॅडम’ म्हणते. माझ्या डोक्यात पांढरे केस आले तरी मी नवीच.

रोज नऊला ती गल्लोगल्ली फिरून पोरं गोळा करते. एक कडेवर, दोन बोटाला, बाकीची मागे. रडणाऱ्या पोराला ती कधी ओरडत नाही, त्याच्या आईला ओरडते. तीन वर्षांचं पोर घालायचं तर अंगणवाडीतच, असा तिचा कायदा आहे. जे पोर तिवस्याच्या कॉन्व्हेंटात गेलं ते तिच्या लेखी फितूर. पिवळी बस आली की ती त्या बसकडे अशी बघते की ड्रायव्हर बिचारा हॉर्न वाजवायचा विसरतो. मग आमच्या पोरांना खिचडी वाढताना मुद्दाम मोठ्यांदा विचारते, बसमध्ये खिचडी भेटते काय रे? पोरं म्हणतात, नाई. तेवढ्यावर तिचा दिवस चांगला जातो.

ती शाळेत गेलेली नाही. नवरा देवमन मिस्त्रीकाम करायचा, तोही फार शिकलेला नव्हता. मैनाबाई वाचायला शिकली ती आमच्या भिंतीवरच्या तक्त्यावरून, पोरांच्या मागे बसून, तांदूळ निवडता निवडता. शिकली म्हणजे काय, शिकता शिकता दुरुस्त्याही करत गेली. मी म्हणायची, क कमळाचा. मागून आवाज यायचा, कमळ पाह्यलं कोनं अठी, क कांद्याचा. पोरं माझ्याकडे बघायची, तिच्याकडे बघायची, आणि कांदाच उचलायची. या गावात आज पंचविशीच्या आतलं कोणीही विचारा, क कांद्याचाच आहे. मी नाद सोडला.

तर मागच्या हिवाळ्यात आम्हाला महिन्याचा विषय आला, ‘आपले मदतनीस’. म्हणजे गावात आणि समाजात जी माणसं आपली कामं करतात त्यांची ओळख. आमच्या सुपरवायझर पौर्णिमा मॅडम, त्यांनी बैठकीत सांगितलं की नुसती चित्रं दाखवू नका, टोप्या करा. पोराने टोपी घालायची आणि ती टोपी कोणाची, तो काय काम करतो, ते सांगायचं. महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी त्या स्वतः येणार, पालकांनाही बोलवायचं. मला ही कल्पना फार आवडली. मला एखादी गोष्ट आवडली की घरच्यांची धडगत नसते. वरूडला माझा भाऊ संत्र्याच्या पॅकिंगमध्ये आहे, त्याला फोन करून मी पुठ्ठ्याचे खोके मागवले. रोज रात्री भाकरी टाकून झाल्या की मी कात्री घेऊन बसायची. नवऱ्याने एकदा विचारलं की जेवायला वाढतेस की मीही टोपी घालून रांगेत बसू. मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही.

अकरा टोप्या झाल्या. पोलिसाची, पोस्टमनची, डॉक्टरची, नर्सची, मिस्त्रीची पिवळी, आग विझवणाऱ्याची लाल, आणि अशाच. मैनाबाईने प्रत्येक टोपी हातात घेऊन तपासली. डॉक्टर टोपी घालतो हे तिला मान्य नव्हतं. तिवस्याच्या डॉक्टरला तिने वीस वर्षांत टोपीत पाहिलेलं नाही. मिस्त्रीच्या टोपीवर तर ती हसली. नवऱ्याबद्दल म्हणाली, आमच्या यायनं जलमभर डोक्याले दुपट्टा बांधला, टोपी फक्त इंजिनियरले देतेत. मी म्हटलं, मैनाबाई, हे शिकवण्यापुरतं आहे. ती म्हणाली, हो न, खोटं शिकवाले काय लागते. मी कात्री आपटली.

सराव सुरू झाला आणि माझ्या शहाणपणाची पोरांनी वाट लावली. पोलिसाच्या टोपीसाठी रोज मारामारी. ती मिळाली की पोलिस काय करतो हे सांगायच्या ऐवजी अंकुर सगळ्यांना भिंतीशी उभं करून हेल्मेट विचारायचा. नर्सची टोपी घातलेल्या गीतांजलीने पहिल्याच दिवशी सगळ्यांना इंजेक्शनं दिली, तेव्हापासून तिच्या शेजारी कोणी बसेना. पोस्टमन काय आणतो? तर पार्सल, मोबाईलचं. शेतकऱ्यासाठी मी पांढरी टोपी केली होती. ती बघून चंदन म्हणाला की ही निवडणुकीवाल्याची आहे. त्याचे आजोबा, वडील, दोन्ही काका शेती करतात आणि चौघेही डोक्याला टॉवेल गुंडाळतात, त्याचं काय चुकलं? मैनाबाई चुलीपाशी पदर तोंडावर धरून हसत होती. मला दिसत होतं.

तरी मी रेटलं. टोपी उचलायची, विचारायचं, ही कोणाची? पोरं ओरडायची, पोलिसाची. ही कोणाची? पोस्टमनची. तिसऱ्या आठवड्यापर्यंत अकराच्या अकरा पाठ झाल्या. मी खूश.

त्याच आठवड्यात एका दुपारी, पोरं घरी गेल्यावर, मैनाबाई खिचडीचा गंज, म्हणजे मोठं पातेलं, घासता घासता म्हणाली की शुक्रवारी प्रीतम येणार आहे. प्रीतम तिचा एकुलता एक मुलगा, अमरावतीला अग्निशमन दलात फायरमन. मला तर हवंच होतं. खराखुरा फायरमन, खरं हेल्मेट, पौर्णिमा मॅडम बघतच राहतील. मी म्हटलं, त्याला हेल्मेट घेऊन यायला सांगा. ती म्हणाली, सांगतो. मग थोडा वेळ गंज घासला आणि म्हणाली, तो मले न्यायले येऊन राह्यला.

हळूहळू सगळं बाहेर आलं. प्रीतमने अमरावतीला दोन खोल्यांचं घर केलं. त्याचं म्हणणं, आई, बस झालं. लोकांच्या लेकरांचे शेंबूड पुसणं, गंज घासणं, हे काय काम आहे? राजीनाम्याचा अर्ज तो टाईप करूनच आणणार होता, तिने फक्त सही करायची आणि मी तो पुढे पाठवायचा. मदतनिसाची नोकरी पासष्टपर्यंत, तिची तीन वर्षं बाकी होती.

आणखी एक गोष्ट होती, ती तिने मला गंजाकडे बघत सांगितली. प्रीतमने लग्न जमताना सासरी सांगितलं होतं की आई अंगणवाडीत शिक्षिका आहे. हिला ते कळलं लग्नाच्या मांडवात, जेव्हा विहिणीने विचारलं की तुमच्याकडे कोणता वर्ग आहे. मैनाबाई म्हणाली, सगळेच. ती हे हसत सांगत होती, पण गंज केव्हाचा घासून झाला होता आणि ती घासतच होती.

मग तिने मान वर केली आणि मला विचारलं, “खरं सांगा ताई, हे काम हाये काय?”

आता हे मला विचारायची गरज होती का? आणि विचारलंच होतं, तर मी काय सांगायला हवं होतं? पण माझ्या हातात सरावात फाटलेली फायर ब्रिगेडची टोपी होती, तिला पुन्हा लावलेला डिंक सुकत नव्हता, आणि डोक्यात हे की ही गेली तर माझं काय होईल. मला भीती वाटली की मी चिडते, असा माझा स्वभाव. मी म्हटलं, ते तुमचं तुम्ही ठरवा, मला काय विचारता. ती बरं म्हणाली आणि गंज पालथा घालून घरी गेली. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. चोवीस वर्षं तिने त्या पोरांचं सगळं केलं, सतरा वर्षं माझंही केलं, आणि एक वाक्य बोलायला माझी जीभ झडली होती.

शुक्रवार उजाडला. खोली पालकांनी भरली. दारात प्रीतम, खाकी ड्रेसमध्ये, काखेत हेल्मेट, खिशात घडी केलेला कागद. जय भीम ताई, म्हणाला. मी जय भीम म्हटलं आणि त्या कागदाकडे बघायचं नाही असं ठरवलं. मैनाबाई नवीन साडी नेसून आली होती, म्हणजे सही करायचं तिने बहुतेक मनाशी पक्कं केलेलं होतं. खिचडी मात्र नेहमीच्या वेळेला चढवलेली.

पौर्णिमा मॅडम आल्या. टोप्यांचा खेळ झाला. पोरांनी एकही चूक केली नाही, अंकुरने फक्त मॅडमना हेल्मेट विचारलं. मॅडम हसल्या, पालक हसले, मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. आणि मग मॅडमनी तो प्रश्न विचारला जो मी महिनाभरात एकदाही विचारला नव्हता.

“छान. आता सांगा बरं, आपले मदतनीस कोण?”

सतराच्या सतरा पोरं एका सुरात ओरडली, मैनाबाई.

आता यात पोरांची काय चूक? मदतनीस हा शब्द त्यांनी ऐकला कुठे? दारावरची पाटी मी वाचून दाखवते त्यात, सेविका अमुक, मदतनीस तमुक. आणि रोज मैनाबाईच्या तोंडून, नवीन पोर आलं की ती सांगते, ह्या मॅडम, अन् मी मदतनीस. मी महिनाभर टोप्या शिकवल्या आणि धड्याचं नावच शिकवायचं विसरले. माझे कान तापले. चुलीपाशी मैनाबाईच्या हातातला झारा तसाच राहिला.

मॅडमनी समजावलं की तसं नाही बाळांनो, मदतनीस म्हणजे आपल्याला मदत करणारी सगळी माणसं. हे बघा, हे काका. असं म्हणून त्यांनी प्रीतमला पुढे बोलावलं. हे आग विझवतात, लोकांचे जीव वाचवतात. मग हे आपले मदतनीस आहेत की नाही?

पोरं गप्प. प्रीतमने हेल्मेट घातलं, तरी गप्प. मग प्रियदर्शनी उठली. साडेचार वर्षांची, नालीपलीकडच्या वस्तीतली, जिला अख्खं गाव प्रियू म्हणतं. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली, मान पूर्ण वर करून.

“तुले खिचडी येते?”

प्रीतम म्हणाला, नाही.

तिने विचारलं, शी धुता येते? नाही. गीतांजलीने बसल्या जागेवरून विचारलं, वेणी? नाही. अंकुरने विचारलं, रोज आम्हाला घरून आणायला येतो का? चंदनने विचारलं, झोप आली तर मांडीवर घेतो का? प्रीतम खरं बोलणारा मुलगा, निदान तेवढ्यापुरता. प्रत्येक वेळी नाही म्हणत गेला. शेवटी प्रियूने निकाल दिला की मग हा मदतनीस नाही, हा मैनाबाईचा पोरगा आहे. पालकांमध्ये हशा पिकला. पौर्णिमा मॅडम डोळे पुसत होत्या, आणि ते फक्त हसण्याने नव्हतं. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. मी विचारलं नाही. प्रीतमचे कान हेल्मेटच्या खाली लाल झाले होते.

खिचडी झाली, पालक गेले, मॅडम गेल्या. नालीपलीकडची तीन पोरं तेवढी राहिली, कारण त्यांना मैनाबाई स्वतः सोडायला जाते. ती तिघं कोपऱ्यात उरलेल्या टोप्या घालून बसली. प्रीतमने खिशातला कागद काढला आणि माझ्या टेबलावर उलगडला. मी काही म्हणायच्या आत मैनाबाई हात पुसत आली, म्हणाली, आन इकडे, मी वाचतो.

ती वाचते ती बोट ठेवून. आम्ही दोघं उभे. अर्जदाराचं नाव झालं, गाव झालं, कौटुंबिक कारणास्तव झालं, त्यात बराच वेळ गेला. मग बोट पुढे सरकलं. म. द. त. नी. स. तिथे थांबलं.

“हे कावून लेहेलं? तू तं लोकाइले शिक्षिका सांगतं.”

ती शांतपणे म्हणाली की शिक्षिकेचा राजीनामा द्यायचा असेल तर शिक्षिकेचा लिही, मी ती कधी नव्हतेच, सही करायला मला काही हरकत नाही. मदतनीस लिहायचं असेल तर आधी तुझ्या सासऱ्याला फोन लाव.

त्याने खाली बघूनच सांगितलं की आई, तसं नाही, तुला आराम मिळावा म्हणून. इतक्या वर्षांचे कष्ट. तो खरंच तसं म्हणत होता, मला कळत होतं. वाईट मुलगा नाही तो. पण मैनाबाई ऐकून घेणाऱ्यांतली नाही.

“तू आगीत जातं. पाच वर्सं झाले. रात्री फोन वाजला तं उचलाच्या आंधी मी चपला घालतो. मी एका दिवसा तरी म्हटलं काय, की नौकरी सोड?”

“आई, ते काम हाये.”

“मंग?”

एवढंच म्हणाली ती. मंग. इतक्या दिवसांनी माझी जीभ सुटली, आणि सुटली ती भलत्याच वेळी. मी म्हटलं, मैनाबाई, हे काम आहे. त्या दिवशी मी नालायकासारखी बोलले. तुम्ही नसाल तर मला पोरं सांभाळता येणार नाहीत, मला तर रडणारं पोर उचलायलाही तुम्हीच शिकवलं. जाऊ नका. बोलता बोलता मला रडू फुटलं आणि मला स्वतःचाच राग आला. मैनाबाई माझ्याकडे बघून म्हणाली की बरं बरं, रडू नका, पोट्टे पाहून राह्यले. मग तिने चुलीवरचा गंज उचलला आणि खाली ठेवायला काही दिसेना म्हणून थेट त्या अर्जावर ठेवला. गंज चांगला तापलेला होता.

प्रीतमने अर्जाचं बाहेर राहिलेलं टोक ओढून पाहिलं. मग विचारलं, मी काय करू आता? त्याला बहुतेक विचारायचं होतं की सासरी काय सांगू, घराचं काय करू. मैनाबाईने त्याला वेगळंच उत्तर दिलं. म्हणाली, मले गंज घासाचा हाये, तू या तिघाइले घरी सोडून ये. प्रियूचा हात सोडू नको, ते नालीत उडी मारते.

तो निघाला. हेल्मेट काढायचंही त्याच्या लक्षात आलं नाही. एका हाताला प्रियू, दुसऱ्या हाताला चंदन, अंकुर पुढे, पोलिसाची टोपी घालून रस्ता मोकळा करत. मी दारात उभी राहून बघत होते. मागे गंज घासल्याचा आवाज येत होता, आणि मध्येच तो थांबला, कारण मैनाबाईही माझ्या खांद्याशी येऊन उभी राहिली, राखेचे हात तसेच.

कोपऱ्यावर जाईबाई भाजीची टोपली घेऊन बसते. तिला दिसतं कमी आणि चौकशा फार. तिने हाक मारली, “कोन वं हा, प्रियू? आज मैनाबाई कुठी हाये?”

“मैनाबाई गंज घासून राह्यली,” प्रियू म्हणाली. “हा तिचा मदतनीस हाये.”

जाईबाईने डोळ्यांवर हात धरून वर पाहिलं. खाकी ड्रेस, लाल हेल्मेट, बोटाला दोन पोरं.

“हो काय रे बाप्पा?”

प्रीतमने प्रियूचा हात नीट धरला. “हो आजी,” म्हणाला, “आजच लागलो.”